जोखीम कोचची, बिल गोलकीपरच्या नावावर

३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच मोहिमेत त्यांचा गोलकीपर जियानलुइजी डोनारुम्माने ॲनफिल्डवरच्या शूटआउटमध्ये लिव्हरपूलच्या दोन पेनल्टी अडवल्या होत्या, आणि उपांत्य फेरीत आर्सेनलवाले त्याच्यापुढे डोकं आपटून दमले होते. अडीच महिन्यांनी सुपर कपचा सामना आला, तर हा गडी अकरात नाही, बेंचवरही नाही. प्रशिक्षक लुइस एन्रिकेला वेगळ्या धाटणीचा गोलकीपर हवा होता, म्हणून लिलहून ल्युका शेव्हालिएला आणलं होतं. वेगळ्या धाटणीचा म्हणजे पायाने खेळणारा, हे कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. पण सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोच डोनारुम्माला विकत घेतलं मँचेस्टर सिटीने. म्हणजे सिटीचा कोच असलेल्या त्याच पेप ग्वार्डिओलाने, ज्याने २०१६ मध्ये आल्या आल्या गोलकीपर जो हार्टला पायाचा कच्चा म्हणून बाहेरचा रस्ता दाखवला होता.

झालं, रणधुमाळी सुरू. एक पार्टी म्हणते, ‘बघा, शेवटी गोलकीपरला हातच लागतात, पेपलाही अक्कल आली.’ दुसरी म्हणते, ‘तुम्ही अजून १९८५ मध्येच आहात, चेंडू पायात घेता न येणारा गोलकीपर म्हणजे दहा जणांनी खेळणं.’ कुणाचा पास चुकला की पहिल्या पार्टीला पुरावा मिळतो, डोनारुम्माची किक टचलाइनबाहेर गेली की दुसरीला. मला हा वाद दोन्हीकडून फसलेला वाटतो, कारण दोन्ही पार्ट्यांनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे: गोलजवळ चुकलेला पास हा गोलकीपरचा गुन्हा. आपल्या गोलसमोर चेंडू किती धोका पत्करून खेळवायचा, हे गोलकीपर ठरवत नाही, कोच ठरवतो. धोका फळला तर कोच द्रष्टा ठरतो. अंगाशी आला तर गोलकीपर नालायक ठरतो, आणि ही किंमत तो एका सामन्यात मोजून मोकळा होत नाही, अख्ख्या कारकिर्दीत मोजतो. हात की पाय हा प्रश्न त्यामुळे मला दुय्यम वाटतो. हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा, हे आधी ठरवू या.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. १९९० चा इटलीतला वर्ल्ड कप ज्यांनी पाहिलाय त्यांना आयर्लंड-इजिप्त हा ०-० सामना आठवत असेल, किंवा तो विसरायला त्यांनी बरेच कष्ट घेतले असतील. बचावपटूने चेंडू मागे द्यायचा, गोलकीपरने उचलून हातात घ्यायचा, दोन-चार टप्पे टाकायचे, बाजूच्या बचावपटूकडे सरकवायचा, त्याने पुन्हा मागे द्यायचा. घड्याळ चालू, खेळ बंद. १९९२ मध्ये नियम आला: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलकीपरने हाताने उचलायचा नाही. २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला. चेंडू पेनल्टी बॉक्सबाहेर जायची वाट बघायची गरज उरली नाही, किक मारली की खेळ सुरू. म्हणूनच आज दोन सेंटर-बॅक गोलच्या डाव्या-उजव्या अंगाला पहारेकऱ्यांसारखे उभे दिसतात. २०२५-२६ च्या मोसमापासून आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर. नियम बदलला की गोलकीपर बदलतो, हे शंभर वर्षांपासून चालत आलंय. १९१२ पर्यंत तर त्याला स्वतःच्या अख्ख्या अर्ध्या भागात चेंडू हाताळता यायचा. वेल्सचा ली रिचमंड रूस टप्पे टाकत टाकत मध्यरेषेपर्यंत जायचा. पुढे हात पेनल्टी बॉक्सपुरतेच उरले आणि रूसची ती चैन संपली. त्यामुळे ‘जुने दिवस परत आणा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आयर्लंड-इजिप्त पुन्हा कोण बघणार?

दुसरा मुद्दा गणिताचा, आणि तो जास्त भारी आहे. लांब किक मारली की चेंडू हवेत जातो आणि खाली कुणाच्या डोक्यावर पडेल याचा भरवसा नाही. जवळचा पास दिला आणि प्रतिस्पर्धी चेंडू हिसकायला तीन-चार माणसं घेऊन अंगावर आला, तर तेवढी माणसं त्याच्या मागच्या भागातून कमी होतात. ती फळी एकदा ओलांडली की पुढे मोकळं रान. या फायद्याची क्लिप मात्र कुणी कापून फिरवत नाही. गोलकीपरचा पास चुकून गोल खाल्ला तर सगळ्या जगाला दिसतो. त्याच्या पासमुळे पाच पासेसनंतर दुसऱ्या टोकाला झालेला गोल स्ट्रायकरच्या नावावर लागतो. २०१७ मध्ये गोलकीपर एदेरसन सिटीत आला आणि पुढच्या सात मोसमांत सिटीने सहा वेळा प्रीमियर लीग जिंकली. त्याचा पाय नुसता शॉर्ट पासपुरता नव्हता. गोलकिकवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो, हे बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षातच नसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये हडर्सफील्डविरुद्ध एदेरसनची गोलकिक थेट स्ट्रायकर अग्वेरोसाठी पडली आणि गोल झाला. अशा माणसाने मोसमात दोनदा चेंडू गमावला तर हिशेब कुणाच्या बाजूला झुकतो? पायवाल्यांचं हे म्हणणं मला बिनतोड वाटतं.

मग अडतं कुठे? २३ ऑगस्ट २०२५ ला सिटीच्या एतिहाद स्टेडियमवर. सिटीच्या गोलमध्ये जेम्स ट्रॅफर्ड, वय वर्षं २२. याच क्लबच्या अकॅडमीत वाढलेला, मग बर्नलीला जाऊन नाव कमावलेला; आदल्या मोसमात बर्नलीने चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगच्या, ४६ सामन्यांत अवघे १६ गोल खाल्ले होते. सिटीने त्याला परत आणलं. टॉटनहॅमविरुद्ध पहिला हाफ संपत आला असताना त्याने आपल्याच बॉक्समध्ये निको गोन्झालेसला पास दिला, चेंडू हिसकला गेला आणि टॉटनहॅमच्या पालिन्याने गोल ठोकला. सिटी ०-२ अशी हरली. दीडेक आठवड्यात डोनारुम्मा दाखल झाला आणि ट्रॅफर्ड बेंचवर गेला.

पास वाईट होता, यात वाद नाही. पण असा पास जन्माला कसा येतो ते बघा. गोलकीपर चेंडूवर बुटाचा तळवा ठेवून उभा राहतो. मुद्दाम उभा राहतो, कारण समोरच्या स्ट्रायकरने पुढे यावं अशीच इच्छा असते. तो आला तर त्याच्या मागचा माणूस सुटतो. डावा सेंटर-बॅक झाकलेला, उजव्याकडे जायच्या वाटेवर विंगर ताटकळत उभा. मधोमध मिडफिल्डर, त्याचं तोंड आपल्या गोलकडे आणि पाठीवर प्रतिस्पर्धी. त्याच्याकडे पास द्यायचा, त्याने एका स्पर्शात बाजूला सारायचा. जमलं तर समोरचे चार जण कटले. हे सगळं सरावात रोज घोटून घेतलेलं असतं. कुठल्या क्षणी थांबायचं, कुणाला ओढायचं, कुणाकडे द्यायचं, हे गोलकीपर मैदानावर आपल्या मनाने शोधत नाही. लांब भिरकावायची मुभा असते, नाही असं नाही. पण दर वेळी लांब भिरकावणाऱ्याला असे क्लब ठेवून घेत नाहीत, हे त्या पोराला चांगलं ठाऊक असतं. टीव्हीवर मात्र रिप्ले सुरू होतो तो चेंडू गोलकीपरच्या पायात आल्यावर. दहा सेकंद आधीपासून दाखवला तर दोष तीन-चार ठिकाणी वाटून जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणत नाही. संन्याशाचाही थोडा हात आहे. पण बेत कुणाचा होता, हे विचारायचंच नाही का?

सिटीत हे पहिल्यांदा घडत नव्हतं. हार्टला हलवून ग्वार्डिओलाने २०१६ मध्ये बार्सिलोनाहून क्लॉडिओ ब्राव्होला आणलं, ते पायासाठीच. १९ ऑक्टोबरला बार्सिलोनाच्याच कॅम्प नोऊ मैदानावर ब्राव्हो बॉक्सबाहेर आला, त्याचा पास सुआरेझच्या पायात गेला, सुआरेझने उलट लॉब मारला, आणि ब्राव्होने बॉक्सबाहेरच तो हाताने अडवला. लाल कार्ड. सिटी ४-० ने हरली. त्या मोसमाच्या अखेरीस ब्राव्होची जागाही डळमळली आणि एदेरसनसाठी तिजोरी उघडली गेली. ग्वार्डिओलाने आपली पद्धत सोडली नाही आणि शेवटी ती खरी करून दाखवली, हे मान्यच. पण ती खरी होईपर्यंतचे प्रयोग कुणाच्या जिवावर झाले?

इतिहासात मागे गेलं तर हे चित्र आणखी स्पष्ट दिसतं. १६ जुलै १९५०, माराकाना. ब्राझीलला वर्ल्ड कपसाठी उरुग्वेशी बरोबरीही पुरे होती, आणि हाफटाइमनंतर लगेच त्यांनी गोलही केला. मग ६६ व्या मिनिटाला उरुग्वेचा घिज्जा उजव्या अंगाने बिगोडेला चकवून आत शिरला, त्याने क्रॉस दिला आणि स्कियाफिनोने गोल केला. तेरा मिनिटांनी तोच घिज्जा, तीच बाजू, पुन्हा बिगोडेच चकलेला. गोलकीपर मोआसिर बारबोसाने काय केलं? मघाशी क्रॉस आला होता, म्हणून आताही येईल असं धरून तो अर्धं पाऊल आत सरकला. घिज्जाने त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून चेंडू घातला. बारबोसाचा अंदाज चुकला, पण तो अडाण्याचा अंदाज नव्हता. उलट प्रश्न असा की तेरा मिनिटं ते भगदाड उघडं दिसत असताना कुणी बुजवलं का नाही? ते काम कोच फ्लाव्हियो कोस्टाचं. पुढे काय झालं बघा: बारबोसा ब्राझीलसाठी त्यानंतर फक्त एक सामना खेळला, १९५३ मध्ये, आणि २००० साली मरेपर्यंत त्या एका फटीचा धनी राहिला. कोस्टा पाच-सहा वर्षांत पुन्हा राष्ट्रीय संघाचा कोच झाला. दोष ज्यांच्या माथी मारला ते बारबोसा, बिगोडे आणि जुव्हेनाल तिघेही कृष्णवर्णीय होते, हाही योगायोग नाही. बारबोसानंतर वर्ल्ड कपमध्ये ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलकीपर म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट २००६ मध्ये, दिदा. खापर फोडायला डोकं निवडताना समाज आपले जुने हिशेबही चुकते करून घेतो.

कोलंबियाचा गोलकीपर रेने हिगिता तर पायवाल्यांचा आदिपुरुषच. कोच फ्रान्सिस्को मातुरानाच्या संघाची बचावफळी वर चढून खेळायची, आणि मागचं सगळं रान सांभाळायला हिगिता एकटा. १९९० मध्ये याच पद्धतीने त्यांनी पुढे जगज्जेत्या ठरलेल्या पश्चिम जर्मनीला १-१ असं रोखलं, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. मग नेपल्सला जादा वेळेत, गोलपासून बरंच दूर, हिगिताने कॅमेरूनच्या रॉजर मिलाला चकवायला घेतलं आणि मिलाने चेंडू काढून नेला. कॅमेरून २-१. रातोरात हिगिता विदूषक ठरला. हिगिता नाटकी होता, हे खरं आहे. मिलासमोर ड्रिबल करायची गरज नव्हती. पण तो तिथे, गोल सोडून इतक्या पुढे, मुळात उभा का होता? कारण संघ तसाच रचला होता. जर्मनीविरुद्ध जे धाडस, तेच कॅमेरूनविरुद्ध आचरटपणा? निकालावरून पद्धतीची लायकी ठरवणं यालाच म्हणतात.

यावर एक रोखठोक आक्षेप येतो: मोठे पगार घेतात, मग जबाबदारी नको का? स्ट्रायकरलाही शिव्या बसतात, कोचलाही हाकलतात; गोलकीपरचं एवढं काय कौतुक? आक्षेप वाजवी आहे. प्रत्येक चूक कोचवर ढकलता येणार नाही हेही खरं. २०१८ च्या कीव्हमधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये रेआल माद्रिदच्या गॅरेथ बेलचा लांबून आलेला फटका लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारियसच्या हातातून निसटला, त्याला कुठल्या डावपेचाची सबब नाही. (रामोसच्या धक्क्याने त्याला आधीच मेंदूला मार बसला होता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण ते वेगळं प्रकरण.) हार्टचंही तसंच. २०१६ च्या युरोत इंग्लंडकडून खेळताना आइसलंडचा दुसरा गोल त्याच्या हाताखालून गेला होता. ग्वार्डिओलाने त्याला काढलं ते हवेतून नव्हे.

पण या आक्षेपात एक गोष्ट सुटते. गोलकीपरच्या धंद्याची रचनाच वेगळी आहे, आणि शिक्षेचा भार त्या रचनेमुळे वाढतो. विंगर फॉर्मात नसला तर त्याला शेवटची वीस मिनिटं मिळतात, दुसऱ्या बाजूला खेळवून बघता येतं, मधे आणता येतं. संघात अशा जागा दहा. गोलकीपरची जागा एक. ती गेली की पुढचा माणूस जखमी होईपर्यंत किंवा त्याच्याही हातून काही घडेपर्यंत वाट बघायची. वाट्याला येतात फार तर कपचे सुरुवातीचे सामने, दुबळ्या संघांविरुद्ध. आणि बसून राहिलेल्या गोलकीपरला बाजारात भाव नसतो, कारण बाजार विचारतो, ‘गेल्या वर्षी किती खेळलास?’ कोच हाकलला जातो हे खरं, पण हाकललेल्या कोचला भरपाई मिळते आणि सहा महिन्यांत दुसरा क्लब मिळतो. आपली पद्धत तो बरोबर घेऊन जातो. गोलकीपर बरोबर घेऊन जातो ती क्लिप.

गोलकीपर डेव्हिड दे हेआचं उदाहरण घ्या. मँचेस्टर युनायटेडमध्ये १२ वर्षं, क्लबकडून सर्वांत जास्त क्लीन शीट्स, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने. २०२२ मध्ये एरिक टेन हाग कोच म्हणून आला आणि जवळच्या पासचा आग्रह सुरू झाला. दुसऱ्याच लीग सामन्यात, ब्रेंटफर्डला, पाठीवर माणूस असलेल्या एरिक्सनला दे हेआने बॉक्सच्या तोंडाशी पास दिला आणि गोल बसला; युनायटेड ४-० ने हरली. (पहिला गोल त्याच्या हाताखालून गेला होता, तो सर्वस्वी त्याचा.) तरी मोसमाअखेर १७ क्लीन शीट्ससह लीगचा गोल्डन ग्लोव्ह त्यालाच मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात क्लबने त्याला निरोप दिला. मग ३२ वर्षांचा हा माणूस वर्षभर कुठेच खेळला नाही. वर्षाने फिओरेंतिनाने घेतलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने एकाच सामन्यात मिलानच्या दोन पेनल्टी अडवल्या. त्याच्या जागी पायासाठी म्हणून आंद्रे ओनाना आणला होता. गालातासारायविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर त्याचाच पास प्रतिस्पर्ध्याच्या पायात गेला, तो सावरताना कासेमिरो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि सामना हातचा गेला. २०२५ मध्ये ओनानाची रवानगी लोनवर तुर्कस्तानला. पायाचा कच्चा गेला, पायाचा पक्काही गेला. यातून पायांबद्दल काही सिद्ध होतं का? मला तर एवढंच दिसतं की पुढची फळी विस्कळीत असली की तिच्या मागे कुणीही उभं केलं तरी तो हरतो.

जो हार्टची पुढची गोष्ट लोक अर्धवट सांगतात. टोरिनो, वेस्ट हॅम, बर्नली, टॉटनहॅमचा बेंच, अशी उतरंड झाली आणि तो संपला म्हणून सगळ्यांनी हात झटकले. २०२१ मध्ये ३४ व्या वर्षी त्याला सेल्टिकने घेतलं. तिथे कोच कोण, तर आंगे पोस्टेकोग्लू, मागून खेळ बांधण्याचा ग्वार्डिओलाइतकाच हट्टी. त्याच हार्टला गोलमध्ये ठेवून सेल्टिकने लीग जिंकली. हार्टने तिथे सलग तीन लीग विजेतेपदं घेतली आणि २०२४ मध्ये मानाने निवृत्त झाला. स्कॉटलंडच्या लीगचा दर्जा वेगळा, हे मी ऐकून घेतो. पण ‘पायाने येतच नाही’ हा शिक्का मग कशाच्या जोरावर मारला होता? शिकवलं, वेळ दिला आणि चुकल्यावर खेळवत ठेवलं तर गोलकीपर शिकतो. आणि आता डोनारुम्मासाठी सिटीने स्वतःची पद्धत थोडी वाकवली आहे, लांब चेंडू पूर्वीसारखा निषिद्ध राहिलेला नाही. वाकवता येत होती तर!

कोचने भार उचलला तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण गंमत म्हणजे लुइस एन्रिकेचंच आहे, तो स्पेनचा कोच असतानाचं. जून २०२१, कोपनहेगन, स्पेन-क्रोएशिया. पेद्रीने जवळजवळ मध्यरेषेवरून मागे दिलेला साधा पास गोलकीपर उनाय सिमोनच्या पायावरून गोलमध्ये गेला. नोंद पेद्रीच्या स्वयंगोलाची, हसू सिमोनचं. स्पेनने सामना ५-३ असा जिंकला, एन्रिकेने त्याची जाहीर पाठराखण केली आणि पुढच्याच सामन्यात त्यालाच उतरवलं. तिथे, स्वित्झर्लंडविरुद्धच्या शूटआउटमध्ये सिमोनने दोन पेनल्टी अडवल्या. २०२४ मध्ये स्पेनने युरो जिंकला तेव्हाही गोलमध्ये सिमोनच होता. डोनारुम्माला काढतानाही एन्रिकेने निर्णय सर्वस्वी आपला असल्याचं उघड सांगितलं, ही त्याची जमेची बाजू. माझी तक्रार अशा कोचेसबद्दल आहे, जे विजयानंतर ‘आमची पद्धत’ म्हणतात आणि पराभवानंतर ‘वैयक्तिक चुका’.

आपल्याकडे हा वाद युरोपातून तयार कपड्यांसारखा आला आणि मापं न घेताच अंगावर चढला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू लांब चेंडू साफ करायला गोल सोडून धावत सुटला, चेंडू हुकला आणि रिकाम्या गोलमध्ये गोल बसला. मुंबईच्या राहुल भेकेने बरोबरी साधली म्हणून लाज राखली. युरोपा लीगमध्ये खेळलेला पहिला भारतीय म्हणून ज्याचं कौतुक करून थकलो नव्हतो, त्याला लोकांनी एका रात्रीत निवृत्त करून टाकलं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला त्याच्या जागी विशाल कैथ. बांगलादेशविरुद्ध पहिल्याच मिनिटाला त्याचा पास प्रतिस्पर्ध्याकडे गेला, नशिबाने गोल झाला नाही, सामना ०-० सुटला. लोकांच्या लेखी लगेच कैथही बाद. ऑगस्टमध्ये नवा कोच खालिद जमीलने गुरप्रीतला परत आणलं, आणि सप्टेंबरमध्ये सीएएफए (मध्य आशियाई) नेशन्स कपमध्ये ओमानविरुद्ध शेवटची पेनल्टी अडवून त्याने तिसरा क्रमांक मिळवून दिला. वर्षभरात माणूस तोच. कोच तीन पद्धतींनी विचार करत होते, आणि आपण मात्र गोलकीपरचं प्रगतिपुस्तक भरत होतो. गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कर्णधार राहिलेला गोलकीपर आज विशीत असता, तर पहिली चाचणी त्याच्या हातांची झाली असती की पायांची, कोण जाणे.

खालच्या पातळीवर तर आनंदच आहे. पावसाळा नुकता संपलेला, मैदानावर गवताचे पुंजके आणि मधेच चिखल वाळून झालेले खड्डे. तेरा वर्षांखालच्या पोरांचा सामना चालू होता. गोलकीपरचे ग्लोव्हज दोन नंबर मोठे, मनगटाला सेलोटेपने आवळलेले. कोच टचलाइनवरून ओरडत होता, ‘शॉर्ट खेळ रे, शॉर्ट! लांब मारलास तर बाहेर काढीन!’ पोराने इमानदारीत शॉर्ट दिला. चेंडू खड्ड्यात अडखळला, समोरचा पोरगा धावत आला, गोल. कोचने पाण्याची बाटली आपटली, पालकांनी सुस्कारे सोडले. पुढच्या वेळी पोराने घाबरून लांब मारला, तर त्यासाठीही ऐकून घेतलं. हाफटाइमला दुसरा गोलकीपर आला. त्या संघाला गोलकीपरसाठी वेगळा कोच नव्हता, आपल्याकडे लहान क्लबांत बहुधा नसतोच. मैदान बघून पद्धत ठरवायचं काम तेरा वर्षांच्या पोराचं की टचलाइनवरच्या माणसाचं?

त्या वयात गोलमध्ये उभं राहायला मुळात पोरं मिळत नाहीत, हे कुठल्याही शाळेच्या पीटीच्या सरांना विचारा. उभं राहिलेल्यातलं एखादं अशा सामन्यानंतर हळूच सांगतं, ‘सर, मी फॉरवर्ड खेळतो.’ अशा कोचने तीन गोष्टी केल्या तरी पुष्कळ: किकऑफच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं की शॉर्ट खेळताना गोल बसला तर तो माझ्या खात्यात, चेंडू उसळत असेल तर लांब मारायला परवानगी मागायची नाही, आणि चुकलेल्याला त्या सामन्यात तरी बाहेर काढायचं नाही. यातल्या एकालाही पैसे लागत नाहीत, मैदान बदलावं लागत नाही. वरच्या पातळीवर यातली पहिली गोष्ट पत्रकारांनी करून घ्यावी. खालिद जमील असो की त्याच्यानंतरचा कुणी, पुढच्या वेळी भारताने मागून खेळताना गोल खाल्ला की पहिला माइक गोलकीपरच्या नव्हे, कोचच्या तोंडासमोर न्यावा आणि विचारावं, ‘तो पास तुम्ही शिकवलेला होता का?’